बासमतीचं शिवार आणि गुंठ्याचा भाव

येळ्ळूरला हल्ली दोन भाव विचारले जातात. एक भाताचा, क्विंटलचा. दुसरा जमिनीचा, गुंठ्याचा. भाताचा भाव सुगीनंतर महिनाभर चर्चेत असतो, तोही वैतागून. जमिनीचा बारमाही. चहाच्या गाड्यावर, डेअरीसमोरच्या रांगेत, यात्रेच्या मैदानात दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात, आणि खरं सांगायचं तर बाराव्याच्या पंगतीतसुद्धा. अशाच एका पंगतीत माझ्या शेजारच्या म्हातारीनं भाजी वाढणाऱ्या पोराला थांबवून विचारलं, "तुमच्या रोडकडच्या पट्टीला काय भाव आला रे?" तिच्या पानातला भात मात्र दुकानातून आणलेला होता.

मी येळ्ळूरची लेक. सासर बैलहोंगलकडचं, घरातलं बोलणं कन्नड. त्यामुळे एकाच गोष्टीला मी आयुष्यभर दोन नावं ऐकत आले आहे. माहेरी भाऊ 'विकास' म्हणतो, सासरी दीर 'अभिवृद्धी' म्हणतात. दोन्ही शब्दांना सभेत टाळ्या पडतात. आमच्या सासूबाई मात्र दोन्ही शब्द वापरत नाहीत. त्यांचं वाक्य ठरलेलं आहे, "रोक्का बंतु, होला होतु." पैसा आला, शेत गेलं. वाचकहो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हे वाक्य तुम्ही कन्नडमध्ये ऐकलं असेल, उरलेल्यांनी मराठीत.

पण सासूबाईंचं वाक्य अर्धंच खरं आहे, असं माझं मत आहे. आधी आलेल्या गोष्टींचा हिशेब मांडू. तो मोठा आहे आणि तो नाकारणारे बहुधा स्वतः पगारावर जगलेले असतात.

माझ्या लहानपणी येळ्ळूरची पोरं दहावी झाली की दोनच वाटा दिसायच्या. बापाच्या मागं नांगर, नाहीतर मुंबई-गोवा. मग उद्यमबागेनं तिसरी वाट दिली. तिथल्या फाउंड्रींतून ओतीव भाग निघत, लेथवर क्रँकशाफ्ट घासले जात, हायड्रॉलिक प्रेस तयार होत. मच्छेची औद्योगिक वसाहत तर आमच्या गावाला लागूनच. आयटीआय झालेला मुलगा सायकलवरून शिफ्टला जायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचा. हे 'घरी जेवायला' फार महत्त्वाचं. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढीनं ते कधी अनुभवलं नाही. पगार छोटा होता, पण दर महिन्याला येणारा होता. पावसावर अवलंबून नव्हता. त्या पगारावर घरांना स्लॅब पडले, न्हाणीघरं बांधली गेली, आयांची कंबरदुखी पहिल्यांदा डॉक्टरला दाखवली गेली.

आणि मुली शिकल्या. हे मी ठळक करून लिहीन. टिळकवाडीच्या आर.पी.डी. आणि जी.एस.एस. कॉलेजांत येळ्ळूरच्या मुली बसनं जाऊ लागल्या त्या काही कुणी भाषणं दिली म्हणून नव्हे. भावाचा पगार सुरू झाला, रस्ता झाला, बस वेळेवर येऊ लागली, म्हणून. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं आवार मच्छेजवळ उभं राहिलं. इंजिनिअर हा शब्द गावात तेव्हापासून स्वस्त झाला, असं आमचे काका चेष्टेनं म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही नाती इंजिनिअर आहेत. एक पुण्यात, एक बेंगळुरूत. नातीचा फोन आला की काका अंगणात येऊन मोठ्यानं बोलतात, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं.

बेळगाव वाढत गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला, २०१२ साली हलग्याजवळ सुवर्णसौध उभं राहिलं, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगावचं नाव आलं. सांबऱ्याच्या विमानतळाचं रूप पालटलं. शहर वाढलं की त्याला जागा लागते. आणि ती जागा शहराच्या दक्षिणेला आमच्या दारात होती. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर असं सलग पसरलेलं काळ्या मातीचं शिवार.

हे शिवार ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राजहंसगडावर उभं राहून उत्तरेकडं पाहिलं की पावसाळ्यात गावापासून शहराच्या कडेपर्यंत हिरवी चटई दिसते. आमच्याकडं रोप लावणी कमी, धूळवाफ पेरणी जास्त. पावसाच्या आधी कुरीनं पेरायचं, मग कोळपणी, मग बायकांची भांगलण. जूनमध्ये पाऊस लांबला की सगळ्या गावाचा जीव टांगणीला. दिवाळीनंतर सुगी. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. वरून पाणी द्यायची गरज नाही, माती स्वतःच ओल धरून ठेवते. एका वर्षात दोन पिकं, तीही बिनपाण्याची, अशी जमीन जिल्ह्यात किती आहे? आणि या जमिनीत पिकतो तो बेळगावी बासमती. उंच वाढणारा, वाऱ्यानं लोळणारा, उशिरा येणारा आणि उत्पन्नाला कमी. हिशेबी शेतकऱ्यानं तो लावू नये. तरी घरटी थोडा लावतात, कारण पाहुणे आले की शेजारच्या तीन घरांना वासानं कळतं.

गंमत म्हणजे या तांदळाचं नावही कागदोपत्री आपलं नाही. २०१६ साली 'बासमती'ची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद झाली ती उत्तरेकडच्या हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशासाठी. पंजाब, हरियाणा, उत्तराखंड वगैरे. बेळगाव त्या नकाशात नाही. म्हणजे ज्या नावानं आपण पिढ्यान्पिढ्या हा तांदूळ खाल्ला, त्या नावानं तो मोठ्या बाजारात उभा राहू शकत नाही. असो.

तर या शिवारातून रस्ता आला. हलगा ते मच्छे बायपास, नऊ-साडेनऊ किलोमीटरचा. पुणे-बेंगळुरू महामार्गावरची वाहनं शहरात न शिरता गोव्याच्या रस्त्याला लागावीत, हा त्याचा उद्देश. उद्देशाला कुणाचा विरोध नाही. शहरातल्या अवजड वाहनांनी किती जीव घेतले हे आपण सगळे जाणतो. शेतकऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की हाच मार्ग का, पिकाऊ जमिनीतूनच का. वर्षानुवर्षं निवेदनं झाली, मोर्चे झाले, खटले झाले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन सुगीच्या दिवसांत, पोलीस बंदोबस्तात काम सुरू झालं. प्रकरण बेळगावच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेलं. काम कधी थांबलं, कधी चालू झालं. त्यापाठोपाठ रिंगरोड आला, बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्ग आला आणि गर्लगुंजी-नंदिहळ्ळीकडचे शेतकरीही रस्त्यावर उतरले. या आंदोलनांत एक चित्र मला आवडलं. हिरवी शाल घेतलेला कन्नड शेतकरी आणि भगवा फेटा बांधलेला मराठी शेतकरी एकाच बांधावर बसलेले. भाषेच्या प्रश्नावर या भागात काय काय झालं ते सर्वांना माहीत आहे. जमीन जाताना मात्र दोघांना एकाच भाषेतली नोटीस येते.

थोडं गणित करू या. रस्त्याची रुंदी ४५ मीटर धरली तर एका किलोमीटरला साडेचार हेक्टर, म्हणजे अकरा एकर जमीन लागते. आमच्याकडं एकरात ४० गुंठे आणि बऱ्याच घरांचा वाटा दहा-वीस गुंठ्यांचा. म्हणजे किलोमीटरभर रस्त्यात वीस-तीस घरांचं शेत सहज येतं. पण जमीन फक्त रस्त्याखाली जाते असं नाही. शिवार सखल, रस्ता भरावावर. पूर्वी पावसाचं पाणी शेता-शेतातून सरकत बळ्ळारी नाल्याला मिळायचं. आता भराव आडवा, मोऱ्या मोजक्या, आणि नाला स्वतःच गाळानं आणि जलपर्णीनं तुंबलेला. नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात भातात शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर कित्येक दिवस पीक पाण्याखाली होतं. आठ-दहा दिवस पाण्यात राहिलेलं भात कुजतं, दुबार पेरणीला वेळ उरत नाही. ज्याचं शेत रस्त्यात गेलं त्याला भरपाई मिळते. ज्याचं शेत रस्त्याच्या वरच्या अंगाला राहिलं आणि पाण्याखाली गेलं, त्याला काय मिळतं? त्याचं नाव कुठल्याच भूसंपादनाच्या यादीत नसतं.

भरपाईचं गणितही समजून घेण्यासारखं आहे, कारण ते आपल्याच हातानं बिघडवलेलं असतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं दर ठरवताना सरकारी दर आणि गेल्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांचा हिशेब, यांतला जास्त तो धरतात. ग्रामीण भागात त्याला एक ते दोनच्या दरम्यानचा गुणक लागतो आणि वर तेवढाच दिलासा. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनाला ही भरपाई १ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. ऐकायला छान. पण आपल्याकडं मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची पद्धत जुनीच. उरलेली रोख. तीच कमी दाखवलेली रक्कम पुढं शेजाऱ्याच्या भरपाईचा पाया होते. एकानं वाचवलेले हजार दुसऱ्याचे लाख घेऊन जातात, आणि हे दोघे बहुधा भाऊबंदच असतात.

आणखी एक. महामार्गाच्या कायद्यात पहिली अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला २१ दिवस असतात. नंतरची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची. एकवीस दिवस म्हणजे किती? एक श्रावण सोमवार ते चौथा. आमचे उतारे कन्नडमध्ये, नोटिसा कन्नडमध्ये. जुन्या पिढीतल्या कितीतरी मराठी शेतकऱ्यांना त्या वाचता येत नाहीत आणि संकोचानं ते कुणाला दाखवतही नाहीत. कपाटात ठेवतात, जपून. माझ्या माहेरी कुठलाही सरकारी कागद आला की आता माझ्या मुलाला बोलावणं येतं. तो कन्नड माध्यमात शिकला. आजोबांना तो ओळ-न-ओळ वाचून मराठीत सांगतो, आणि आजोबा दर वेळी विचारतात, "हे असंच लिहिलंय का, का तू सांगतोयस?" दोन भाषांच्या घराचा असा उपयोग होईल असं माझ्या लग्नात कुणाला वाटलं नव्हतं. तेव्हा दोन्हीकडची तोंडं वाकडीच होती.

रस्त्यापेक्षाही जास्त जमीन रस्त्याच्या बातमीनं जाते. बायपास आखला गेला की त्याच्या दोन्ही अंगांना दगड रोवले जातात, 'लेआउट' असा फलक लागतो, लाल मुरमाचे रस्ते पडतात. २०२० साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली कलमं काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. तिकडं महाराष्ट्रात ती अट अजून आहे. त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं, भाव वाढला. विकणाऱ्यालाही मी नावं ठेवणार नाही. एकट्या पोराला पुण्यात नोकरी, बापाला गुडघे धरलेले, मजूर मिळत नाही, बळ्ळारीचं पाणी दर वर्षी शेतात. त्यानं काय करावं? शेत राखा असं त्याला सांगायला जाणारे बरेचसे प्लॉटवरच्या बंगल्यातून निघालेले असतात.

पण पैसा आला की त्याचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. नात्यातल्या एकानं आलेल्या रकमेतून सीएनसी मशीन घेतलं, शेडमध्ये बसवलं, आज सहा पोरांना काम देतो. दुसऱ्यानं खानापूर तालुक्यात तिप्पट जमीन घेतली. तिथं माती लाल, पीक वेगळं, पण शेती चालू. आणि तिसऱ्यानं बंगला बांधला, गाडी घेतली, मुलीचं लग्न असं केलं की मंडप अजून लोक आठवतात. चार वर्षांनी तो त्याच लेआउटवर वॉचमन म्हणून बसला. स्वतःच्या शेतावर, खुर्ची टाकून. कुणी सहज विचारलं, "काय करूलास रे?" तर म्हणायचा, "राखण." शब्द तोच, शेतकऱ्याचा.

कारखान्याच्या पगाराचा आधार कितपत, हेही दोनदा दिसलं. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली तशा शिफ्ट कमी झाल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये तर टाळेबंदीनं सगळंच थांबलं. त्या उन्हाळ्यात गावात दोन प्रकारची घरं होती. एकात कणगीत भात होतं, मडक्यात मसूर होता, गोठ्यात म्हैस आणि तिला पिंजर होतं. दुसऱ्यात फक्त बँकेचं पासबुक होतं. पहिल्या घरानं दुसऱ्याला शेरभर तांदूळ दिला. पूर्वी हे उलटं व्हायचं, पगारवाला शेतकऱ्याला उसने पैसे द्यायचा.

आता घरातली गोष्ट. आमच्या माहेरी मसुराचे पैसे बायकांचे, हा अलिखित कायदा होता. भात विकलं की पैसे आजोबांच्या बंडीच्या खिशात. मसूर, वाटाणा, दूध यांचे आजीच्या डब्यात. त्या डब्यातून माझी फी गेली, वहिनीच्या बाळंतपणात दवाखान्याचं बिल गेलं, आत्याला दिवाळीची साडी गेली. शेत विकलं की मिळणारी रक्कम कितीही मोठी असो, ती उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर जमा होते. डब्यात काही पडत नाही. भांगलणीला पन्नास वर्षं वाकलेल्या बाईचं नाव उताऱ्यावर नसतं. मराठीत 'उतारा' या शब्दाचा एक अर्थ पिकाचं उत्पन्न, दुसरा मालकीचा कागद. पहिला उतारा बायकांनी वाढवला, दुसऱ्यावर पुरुषांची नावं चढली.

लेकींचा प्रश्न याच्याच पोटातला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून दिला, कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली दोन्हीकडं वगळल्या. माझी थोरली बहीण १९९१ साली लग्न होऊन गेली, मी १९९७ साली. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकी, एकीला हक्क, एकीला नाही. मग २००५ ची देशभराची दुरुस्ती आली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, लग्नाची तारीख बघायची नाही, वडील तेव्हा हयात होते की नव्हते हेही नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल तर मात्र ती मोडत नाही. हे मी इतकं तपशिलात लिहिते आहे, कारण सही करण्यापूर्वी ते ठाऊक असावं.

गुंठ्याला भाव नव्हता तेव्हा हक्कसोडीची सही मागायला कुणी आलं नाही. आता भाऊ कुंदा घेऊन येतात. आमच्याकडंही लेआउटवाल्यांचा निरोप आला आणि माहेरी बैठक बसली. धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, तुला काय कमी आहे गं?" थोरली शांत बाई. ती म्हणाली, "कमी नाही म्हणूनच विचारते. शेत राहणार असेल तर माझी सही घे, एक पैसा नको. शेत जाणार असेल तर माझा वाटा मोज." मला वाटतं इतकं सरळ वाक्य त्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. भाऊ रागावला. तिची माहेरची पंचमी त्या वर्षी चुकली. कित्येक घरांत अशा पंचम्या कायमच्या चुकल्या आहेत, आणि कुठल्याही विकासाच्या ताळेबंदात त्या लिहिलेल्या नसतात.

मग करायचं काय, असं मला वाचक विचारतात. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका हिस्सा ठेवला आणि शहर स्वतःच बांधलं. जमीन गेली, पण मालकी राहिली. येळ्ळूरला ते जसंच्या तसं जमेल असं मला वाटत नाही. आपले वाटे लहान, भाऊबंदकी मोठी. शिवाय तिथला ऊसही गेलाच की. माझं मत विचाराल तर उद्यमबाग-मच्छे या चढाच्या अंगाला झालेली वाढ आपल्या फायद्याची झाली. तिनं काम दिलं आणि शिवाराला हात लावला नाही. शहराला आणखी वाढायचं तर त्यानं चढाकडं वाढावं, सखल काळ्या मातीकडं नव्हे. २०१३ च्या कायद्यात ओलिताची, अनेक पिकं देणारी जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम आहे. मेख अशी की महामार्गाच्या संपादनाला त्या कायद्याची भरपाई लागू आहे, हे कलम नाही. आणि आमची ओलीवर दोन पिकं देणारी जमीन 'ओलिताची' की 'कोरडवाहू', हा घोळ तर कागदावर अजूनही निघतो. कालवा नाही म्हणून कोरडवाहू! ज्यानं ही व्याख्या केली त्यानं डिसेंबरात आमच्या शेतात अनवाणी उभं राहून बघावं.

आमच्या घरापुरतं सांगायचं तर लेआउटवाल्यांना अजून होकार गेलेला नाही, नकारही नाही. थोरल्या भावाला विकायचं आहे, धाकट्याला थांबायचं आहे, कारण थांबलं की भाव वाढतो. आई कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. वहिनीनं मात्र यंदा एक अट घातली. काहीही विकलं तरी बासमतीच्या बियाण्यापुरते पाच गुंठे राखायचे, आणि त्या पाच गुंठ्यांच्या उताऱ्यावर तिचं नाव लावायचं. पाच गुंठ्यांना सगळ्यांनी मान हलवली. नावाचं बघू म्हणाले. कोणते पाच गुंठे, रस्त्याकडचे की नाल्याकडचे, यावर अजून बैठक व्हायची आहे.